बाटली कधी उघडली?

ग्लासभर वाइन मागवताना आपण ब्रॅण्ड विचारत नाही, माप विचारत नाही आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तर अजिबातच विचारत नाही...

शुक्रवारची संध्याकाळ. लोअर परळ असो, बाणेर असो नाहीतर नाशिकचा कॉलेज रोड, सीन तोच. ऑफिसचं कार्ड अजून गळ्यात, लॅपटॉपची बॅग पायाशी आणि टेबलाभोवती चार डोकी. एकाला बिअरचा पिचर हवाय. दुसऱ्याचा व्हिस्कीचा ब्रॅण्ड कॉलेजपासून ठरलेला. तिसरा गाडी घेऊन आलाय, म्हणून फ्रेश लाइम सोड्यावर. चौथीला हवीये वाइन. बाटली २,२०० रुपये. एकटीसाठी अख्खी बाटली? छे! मग मेन्यूकार्डाच्या शेवटी दोन ओळी सापडतात. हाउस वाइन, रेड. हाउस वाइन, व्हाइट. ग्लासला ५५० रुपये. ‘एक रेड,’ ती म्हणते आणि विषय संपतो.

आता कल्पना करा, त्याच कार्डावर ‘हाउस व्हिस्की’ असं लिहिलं असतं तर? आपल्या व्हिस्कीवाल्या मित्राने वेटरला तिथल्या तिथे उभा-आडवा घेतला असता. कुठली? सील कुणी फोडलं? बाटली दाखव आधी! वाइनच्या बाबतीत मात्र आपण एकदम सोवळे. काहीतरी चुकीचं विचारलं आणि शेजारच्या टेबलाने ऐकलं तर? शिवाय उच्चारांची धास्ती वेगळीच. शिराझ म्हणायचं की सिरा? शेनिन ब्लाँ की आणखी काही? त्यापेक्षा ‘रेड’ बरं. सुटसुटीत.

खरं सांगायचं तर उच्चार नाही जमला तरी काही बिघडत नाही. जो प्रश्न विचारायला हवा तो शुद्ध मराठीत विचारता येतो, आणि त्यात एकही फ्रेंच शब्द नाही. बाटली कधी उघडली?

पेगला माप, ग्लासला अंदाज

आधी थोडं गणित. घाबरू नका, चौथीतलं आहे.

वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलीची. ग्लासात १५० मिली ओतली तर पाच ग्लास होतात, १२५ मिली ओतली तर सहा. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही ग्लास जवळपास सारखेच दिसतात, कारण वाइनचा ग्लास पोटाने मोठा असतो आणि तो अर्धाही भरायचा नसतो. वास साठायला जागा लागते म्हणून. पहिल्यांदा वाइन मागवणाऱ्याला तर शंभर टक्के वाटतं, की अरे, हा मला फसवतोय! रिकामी जागा फसवणूक नसते. पण भरलेली जागा नेमकी किती, हे विचारायला हरकत काय?

पेगच्या बाबतीत आपल्याकडे सगळं कसं चोख असतं. ३० मिलीचा स्मॉल, ६० मिलीचा लार्ज. स्टीलचं माप उपडं केलं की हिशेब मिटला. वाइनचं माप ज्या त्या हॉटेलवर. कुणी कार्डावर छापतं, कुणी नाही. इंग्लंडमध्ये हे कायद्याने ठरवून टाकलंय. साधी, म्हणजे बिनबुडबुड्यांची वाइन ग्लासने विकायची तर १२५ किंवा १७५ मिली, नाहीतर त्यांच्या पटीत. आणि १२५चा छोटा ग्लास मिळतो हे गिऱ्हाइकाला कळवणंही पबवाल्यावर बंधनकारक आहे. आपल्याकडे तुम्हीच विचारायचं. ४५० रुपयांत १५० मिली मिळाली तर मिलीला ३ रुपये पडले. तेवढ्याच पैशांत १२५ मिली मिळाली तर ३ रुपये ६० पैसे. पेट्रोलच्या भावात इतका फरक पडला असता तर आपण पंप बदलला असता!

आता किमतीकडे वळू. ग्लासवाल्या वाइनचा भाव ठरवताना धंद्यातला एक जुना फंडा वापरतात: पहिल्या ग्लासात बाटलीचे पैसे वसूल व्हायला हवेत. म्हणजे समजा हॉटेलला बाटली ५५० रुपयांना पडली, तर ग्लासचा भाव साधारण ५५० रुपये. वाचून कुणीही म्हणेल, लूट आहे ही! पाच ग्लास विकले की २,७५० रुपये. सॉल्लिड धंदा, नाही?

पाचही विकले गेले तर. ग्लासवाल्या वाइनची सगळी भानगड या ‘तर’मध्ये आहे. मंगळवारची रात्र, हॉटेलात वर्दळ नाही, दोनच ग्लास खपले. आले १,१०० रुपये. त्यातले ५५० बाटलीचे गेले, उरलेल्यात भाडं, पगार, लायसन्स, एसी आणि फुटलेले ग्लास. आणि बाटलीत ४५० मिली वाइन शिल्लक. मेन्यूकार्डाच्या भावाने बघितलं तर ती १,६५० रुपयांची आहे. फेकायची?

म्हणजे ग्लासमागे आपण जे जास्तीचे पैसे मोजतो, ते या न खपलेल्या तीन ग्लासांचा विमा असतो. आपण हप्ता भरतो आणि त्या बदल्यात हॉटेलने शिळी वाइन ओतून टाकायची, असा हा न बोललेला करार. प्रॉब्लेम तेव्हा होतो, जेव्हा हॉटेल हप्ताही घेतं आणि शिळी वाइनही आपल्यालाच पाजतं.

खरं तर फेकायचा निर्णय वाटतो तेवढा महाग नाही. मालकाच्या डोळ्यांपुढे १,६५० रुपये नाचत असतात, पण त्या तीन ग्लासांची त्याला पडलेली किंमत ३३० रुपयेच. एक गिऱ्हाईक ‘इथली वाइन भंगार आहे’ म्हणत कायमचं गेलं, तर त्याचा हिशेब ३३० रुपयांच्या कितीतरी वर जातो. चांगल्या मॅनेजरला हे कळतं. पण स्टॉक लिहिणाऱ्याला फेकलेल्या वाइनचा जाब द्यावा लागतो आणि गेलेल्या गिऱ्हाइकाचा देत नाही कुणी. घोळ तिथे आहे.

डब्यातलं सफरचंद

व्हिस्की उघडून महिनाभर कपाटात राहिली तरी फारसं काही होत नाही. आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, तिथे काही नासायला धजत नाही. वाइनमध्ये ते साधारण १२ ते १४ टक्के. बूच निघालं की हवा आत शिरते आणि घड्याळ सुरू होतं.

सकाळी डब्यात कापून दिलेलं सफरचंद लंचपर्यंत तपकिरी पडतं ना? तोच ऑक्सिजन इथेही कामाला लागतो. आधी वास जातो. व्हाइट वाइनमधला लिंबू, पेरू, ढोबळी मिरचीसारखा हिरवा ताजेपणा बसतो आणि तिला मार लागलेल्या सफरचंदासारखा वास येऊ लागतो. रंग गडद होतो. रेड असेल तर फळाची चव विरते, जिभेवर आंबट आणि तुरट तेवढं उरतं. त्याहून पुढे गेलं की बॅक्टेरिया त्याचं व्हिनेगर करायला घेतात. ज्यांनी नीरा प्यायलीये त्यांना वेगळं सांगायला नको. पहाटेची नीरा आणि उन्हं चढल्यावरची नीरा, भांडं तेच, पेय वेगळं.

किती वेळ टिकते? झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर साधारण दोन ते तीन दिवस. एखादी दणकट रेड त्याहून थोडी जास्त. बुडबुडेवाली स्पार्कलिंग वाइन मात्र खास बूच लावलं तरच दुसरा दिवस बऱ्यापैकी बघते. हे झालं फ्रिजमधलं. मे महिन्यातल्या मुंबईत, कॉफी मशीनच्या डोक्यावरच्या फळीवर, अर्ध्या बुचाने उभ्या असलेल्या रेड वाइनचं आयुष्य किती असेल ते तुम्हीच सांगा. रेड फ्रिजमध्ये ठेवायची नसते, हा गैरसमज या बाबतीत सगळ्यात घातक. उघडलेली बाटली रेड असो वा व्हाइट, तिची जागा फ्रिजमध्येच. प्यायच्या आधी बाहेर काढली की झालं.

‘मला वाइन आवडत नाही, आंबट लागते,’ असं म्हणणारे चार जण तरी तुमच्या ऑफिसात असतील. त्यांनी पहिली वाइन कुठे घेतली होती ते विचारून बघा. बहुतेकदा उत्तर येईल, कुठल्या तरी बारमध्ये, एक ग्लास, ‘बघू तरी’ म्हणून. त्यांना वाइन आवडली नाही की चार दिवसांची उघडी बाटली आवडली नाही, हे त्यांना तरी कसं कळणार? तुलना करायला दुसरा ग्लासच नव्हता. वाइन विकणाऱ्यांचं याने जेवढं नुकसान झालंय तेवढं टॅक्सने झालं नसेल, असं माझं आपलं मत.

हवा रोखायला यंत्रंही आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे रबरी बूच आणि हातपंप, आतली हवा खेचून काढायची. महागडं म्हणजे नायट्रोजन किंवा आर्गॉन वायूवर चालणारं काचेचं कपाट, ज्यात बाटल्या रांगेत उभ्या असतात आणि बटण दाबलं की मोजून वाइन पडते. आणि सगळ्यात भारी किस्सा कोराव्हिनचा. ग्रेग लॅम्ब्रेख्ट नावाचा अमेरिकन माणूस, धंदा मेडिकल उपकरणांचा. बायको गरोदर, त्यामुळे वाइन प्यायला हा एकटाच. एका ग्लाससाठी चांगली बाटली का उघडायची, म्हणून त्याने इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक सुई बुचातून आत घालायची शक्कल लढवली. सुईतून आर्गॉन आत जातो, वाइन बाहेर येते आणि सुई काढली की बूच आपोआप मिटतं. २०१३मध्ये हे यंत्र बाजारात आलं आणि मोठ्या हॉटेलांत शे-दीडशे डॉलरच्या बाटलीतूनही ग्लासभर वाइन विकणं परवडायला लागलं.

पण आपल्या नेहमीच्या बारला एवढा तामझाम लागतच नाही. फिरकीचं झाकण, फ्रिज आणि एक मार्कर पेन. बाटली उघडली की मागच्या लेबलवर तारीख टाकायची. दहा रुपयांचं तंत्रज्ञान. ज्या बारमध्ये बाटलीवर अशी तारीख दिसेल, तिथे डोळे झाकून ग्लास मागवा.

गर्दीच्या गाडीवरचा वडा

महाराष्ट्रात वाइनची कहाणी तशी जुनी नाही. ऐंशीच्या दशकात शामराव चौगुल्यांनी नारायणगावला इंडेजची स्पार्कलिंग वाइन काढली. राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाइन नाशिकहून २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं आणि नाशिक-दिंडोरी पट्ट्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या. पुढे सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे फ्रातेल्ली आली. पण आपल्यातल्या कित्येकांच्या हातात पहिला ग्लास आला तो टेस्टिंग रूममध्ये. सुलाने २००५मध्ये नाशिकला आपली टेस्टिंग रूम सुरू केली आणि पुण्या-मुंबईच्या वीकएण्ड पब्लिकला एक नवं ठिकाण मिळालं.

तिथे प्यायलेली वाइन आठवते छान आणि तीच वाइन शहरातल्या बारमध्ये लागते बेचव, असं अनेकांचं होतं. मग म्हणतात, तिथलं वातावरण, तो सूर्यास्त, ते गंगापूर धरणाचं पाणी... सूर्यास्त आहेच हो, पण खरं कारण त्याहून बरंच साधं आहे. तिथे बाटली उघडली की बघता बघता संपते. मागून रांग असते. वडापावचं जे तत्त्व तेच वाइनचं: गाडीवर गर्दी असेल तर वडा गरम मिळणार.

म्हणून जागा निवडताना इंटिरिअर बघू नका, आजूबाजूची टेबलं बघा. पाच-सहा टेबलांवर वाइनचे ग्लास दिसतायत? मागवा. जिथे सगळं पब्लिक क्वार्टर आणि चकण्यावर आहे, अशा परमिट रूममध्ये ‘एक रेड’ म्हणालात तर वेटर कपाटाच्या मागून जी बाटली शोधून आणेल, तिचा वाढदिवस त्यालाही माहीत नसेल. तिथे बिअर घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

कार्डही वाचायला शिका. ग्लासने मिळणाऱ्या वाइन चार-सहाच असतील, प्रत्येकीचं नाव आणि माप लिहिलेलं असेल, तर मालकाने विचार केलाय. वीस-बावीस वाइन ‘बाय द ग्लास’ असतील आणि हॉटेल रिकामं असेल, तर एवढ्या बाटल्या उघड्या कशा काय राहतात, याचा विचार तुम्ही करा. आणि हो, हॅपी अवर्समधली सांग्रिया. उरलेली वाइन, संत्र्याच्या फोडी, साखर, बर्फ. वाइन नुसती मलूल झाली असेल तर हा तिचा चांगला उपयोग आहे, माझी काही तक्रार नाही. मात्र पहिल्या घोटाला लोणच्याच्या बरणीची आठवण झाली तर उरलेली सांग्रिया टेबलावरच राहू द्या.

‘आजच उघडली, सर!’

आता मूळ प्रश्न. वेटरला विचारलंत, ‘दादा, बाटली कधी उघडली?’ तर उत्तर ठरलेलं आहे: ‘आजच, सर!’ त्याच्यावर चिडून उपयोग नाही. तो बिचारा ड्युटीवर चार वाजता आला, त्याला तरी काय माहीत. पुढचं वाक्य महत्त्वाचं. ‘जरा बाटली टेबलवर आणून ओताल का?’ एवढं म्हटलं की बऱ्याच गोष्टी आपोआप सुधारतात. कधी कधी तर आतून नवी बाटलीच येते! बाटली आली की नाव वाचा, तळाशी किती उरलीये बघा, हात लावून गार आहे का बघा. मग म्हणा, ‘थोडी टेस्ट करू?’ दोन घोट चाखायला देणं ही ग्लासवाल्या वाइनची जगभरची रीत आहे, तुम्ही काही फुकट मागत नाही आहात.

चाखण्याआधी हुंगा. नाटक करायची गरज नाही, ग्लास गरागरा फिरवायचीही नाही. फळाचा वास आला, ठीक. व्हिनेगर, ओला पुठ्ठा किंवा काहीच वास आला नाही, तर शांतपणे सांगा, ‘ही उतरलीये, दुसरी बघता का?’ चांगल्या ठिकाणी बिनबोभाट बदलून देतात. फक्त चव आपल्या पसंतीची नाही म्हणून ताजी वाइन परत पाठवू नये. तो आपला चॉइस होता.

रेडचं आणखी एक. ‘रेड रूम टेम्परेचरलाच प्यायची’ हा नियम ज्यांनी केला, त्यांच्या खोल्या १६ ते १८ डिग्रीच्या होत्या. आपल्याकडे रूम म्हणजे ३० डिग्री. कोमट रेडमध्ये अल्कोहोल तेवढं नाकात जातं. बाटली किंवा ग्लास दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा, कुणी हसलं तर हसू दे. ग्लासात बर्फ टाकला तर? टाका बिनधास्त, पोलीस येत नाहीत. फक्त शेवटचे चार घोट पाण्याचे होतात.

आणि टेबलावर वाइन पिणारे दोघं असाल तर ऑर्डर देण्याआधी बेरीज करा. बाटलीचा भाव बहुतेक ठिकाणी चार ग्लासांच्या आसपास असतो. वरच्याच उदाहरणात ग्लास ५५०ला आणि बाटली २,२००ला. दोघांचे दोन-दोन ग्लास होणार असतील तर सरळ बाटली घ्या. पाचवा ग्लास फुकट, आणि बाटली कधी उघडली हा प्रश्नच मिटला, तुमच्या डोळ्यांदेखत उघडली! एकट्यासाठी ३७५ मिलीची हाफ बॉटल किंवा कॅनमधली वाइन मिळत असेल तर तीही ग्लासपेक्षा सरस. सील तुम्हीच तोडता.

लाइट असते म्हणे

जाता जाता एक गैरसमज निकालात काढू, कारण त्याची किंमत पाचशे रुपयांपेक्षा मोठी असू शकते. ‘वाइन काय, लाइट असते’ असं म्हणून ती मागवली जाते. विशेषतः मुलींना हे सांगून आग्रह होतो. हिशेब बघा. १३ टक्क्यांची १५० मिली वाइन म्हणजे शुद्ध अल्कोहोल १९.५ मिली. ३० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये ते साधारण १३ मिली. म्हणजे वाइनचा एक ग्लास दीड स्मॉल पेगच्या बरोबरीचा, आणि दोन ग्लास तीन पेगच्या. वाइन हळूहळू पितात, जेवणासोबत पितात, म्हणून ती अंगावर येत नाही, एवढंच. पोलिसांच्या यंत्राला या गप्पा कळत नाहीत. रक्ताच्या १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची मर्यादा वाइनलाही तीच. तेव्हा कॅब. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ आहे, हार्ड ड्रिंकसाठी २५. या फरकामुळेही वाइनला उगीच सॉफ्ट ड्रिंकसारखी वागणूक मिळते.

बाकी वारांचंही एक गणित आहे. शुक्रवार-शनिवारी बाटल्या भराभर संपतात. सोमवारी आणि मंगळवारी ग्लासात येतो तो बऱ्याचदा वीकएण्डचा उरलेला माल. आणि ड्राय डेच्या दुसऱ्या दिवशी तर खास सांभाळा. १ ऑक्टोबरच्या रात्री उघडलेली बाटली गांधी जयंतीचा अख्खा दिवस तशीच उभी असते, आणि ३ तारखेला संध्याकाळी पहिला ग्लास मागवणारे बहुधा तुम्हीच असता. त्या दिवशी नवी बाटली उघडायला सांगा. नाही म्हणाले, तर फ्रेश लाइम सोडा काही वाईट नसतो.